थंडीत सायकल चालवायचं सामान: तीन हिवाळ्यांचा हिशेब, अंगावर काय आहे आणि कपाटात काय पडलंय

आधीच सांगून टाकते, मी रेसवाली नाही. आठवड्यातून चार दिवस पहाटे बाहेर पडते, दीड-दोन तास, रविवारी जरा लांब म्हणजे 60-70 किलोमीटर, वेग 22 ते 25 च्या आसपास, चढ आला की तोही नाही. तापमान म्हणाल तर 12 डिग्रीपासून शून्यापर्यंत आणि चार-पाच वेळा शून्याच्याही खाली. बर्फातला अनुभव नाही तेव्हा त्याबद्दल बोलत नाही. तीन हिवाळे झाले असं चालवतेय, आणि परवा कपाट आवरताना लक्षात आलं की निम्मं सामान चुकीचं घेतलंय आणि जे बरोबर होतं ते पार उलट्या क्रमाने घेतलंय. म्हणून हे लिहितेय.

उलट्या क्रमाने म्हणजे काय, तर थंडी म्हटलं की माणूस पहिलं काय घेतो, जाड जॅकेट. मीपण तेच केलं. चांगलं गुबगुबीत, वॉटरप्रूफ, आतून अस्तर, गळ्यापर्यंत चेन, घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा एकदम उबदार, वाटलं झालं आपलं काम. पहिली 10 मिनिटं खरंच भारी गेली. मग चढ लागला. चढाच्या अर्ध्यात पाठीवरून घामाचे ओघळ, बाह्या आतून चिकट, चेन उघडली तर समोरून गार वारा थेट ओल्या छातीवर, बंद केली तर पुन्हा भट्टी, असं उघड-बंद करत वर पोचले आणि तिथेच मागचं चाक बसलं. पंक्चर. फार तर 15 मिनिटं थांबलो असू पण त्या 15 मिनिटांत मला जी हुडहुडी भरली ती मी अजून विसरले नाहीये. जॅकेट काढून झटकलं तर आतल्या बाजूने, म्हणजे अस्तरावर, भांड्याच्या झाकणाखाली जमतात तसे पाण्याचे थेंब. बाहेर पाऊस सोडा, ढगसुद्धा नव्हता. आणि बोटं अशी आखडलेली की टायर लिव्हर, म्हणजे टायर सोडवायची चपटी पट्टी, रिमखाली सरकवता येईना, दोन वेळा हातातून उडाली. शेवटी आमच्या ग्रुपमधल्या काकांनी ट्यूब बदलून दिली, त्यांचं वय 68, आणि ते स्वतः साधं पातळ विंडचीटर घालून आले होते. वर मला म्हणतात, अगं तू थंडीने नाही भिजलीस, स्वतःच्याच घामाने भिजलीस.

तेव्हा राग आला होता, पण काकांचं बरोबर होतं. पाय मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातली फार तर पाव पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन अंगातून बाहेर पडते. म्हणजे पेडलवर 150 वॉट लावत असाल तर अंगात 450 ते 600 वॉटची शेगडी चालू आहे. तेच पंक्चर काढायला थांबलात की शेगडी बंद, नुसत्या बसलेल्या माणसाची उष्णता साधारण 100 वॉट. आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे कपडे ओले असतील तर जाडीचा काही उपयोग नाही, उलट जितकं जाड तितकं जास्त पाणी धरून ठेवतं. याच्या जोडीला वारा. चालणाऱ्या माणसाला वारा असला तर लागतो, सायकलवाला स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. 2001 पासून अमेरिका आणि कॅनडात वाऱ्याच्या गारठ्याचं जे सूत्र वापरतात त्याने हिशेब केला तर 2 डिग्रीला 25 च्या वेगाने उघड्या कातडीला उणे 3 सारखं वाटतं आणि उतारावर 45 लागला की उणे 5. आणि उतारावर आपण पाय मारत नसतो, म्हणजे शेगडी बंद आणि पंखा फुल्ल.

म्हणून आता माझा नियम असा आहे की पैसे टोकांकडून मध्याकडे खर्च करायचे. आधी हात, मग पाय, मग कान, आणि जॅकेट सगळ्यात शेवटी. कारण धड गरम ठेवायला शेगडी आहे, पण थंडी वाजली की शरीर पहिलं काय करतं तर हातापायांकडे जाणारं रक्त कमी करतं, आणि नेमकं ब्रेक, गिअर सगळं हातातच असतं. बर्नार्ड इनो नावाचा फ्रेंच सायकलपटू 1980 साली लिएज-बास्तोन-लिएज ही रेस बर्फ पडत असताना 9 मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला होता, 174 जण निघाले होते त्यातले 21 पोचले, आणि त्या एका दिवसात त्याच्या दोन बोटांची संवेदना कायमची बिघडली. तो रेस जिंकायला गेला होता, आपल्याला फक्त घरी परत यायचंय.

तर ग्लोव्हज. यावर मी सगळ्यात जास्त पैसे घालवलेत आणि सगळ्यात जास्त शिकलेय, चार जोड झालेत आतापर्यंत. पहिला जोड मोटरसायकलवाल्यांचा घेतला होता, जाड, कडक, छान वाटला, पण सायकलचा ब्रेक दोन बोटांनी दाबायचा असतो आणि त्या बोटांना लिव्हरच सापडेना, गिअर बदलायला गेलं की दोन गिअर एकदम पडायचे. दुसरा जोड सायकलचाच पण मी मापात घट्ट घेतला. दुकानात हात सरळ करून बघितला तर एकदम फिट, मूठ वळल्यावर बोटांच्या टोकांना ताण यायला लागला, आणि घट्ट ग्लोव्ह म्हणजे आत हवा नाही आणि वर रक्त अडतं, तो घालून उघड्या हातापेक्षा जास्त गार वाटायचं. तेव्हा ग्लोव्हज घेताना हात सरळ ठेवून बघू नका, हँडल धरल्यासारखी मूठ वळा, बोटाच्या टोकाशी थोडी जागा राहिली पाहिजे, आणि मनगटावर जॅकेटच्या बाहीच्या वर किंवा खाली नीट बसतोय का ते बघा कारण ती मधली 2 सेंटिमीटरची उघडी फट अख्खा हात गार करते.

तिसरा जोड अजून वापरतेय, 5 ते 10 डिग्रीला. पातळसर, बाहेरून वारा अडवणारा, आतून मऊ, अंगठ्याच्या मागे टॉवेलसारखा कपडा लावलेला. तो कपडा कशासाठी ते पहिल्या थंडीतच कळतं, नाक पुसायला. हसू नका, थंडीत नाक अखंड गळतं आणि ज्या ग्लोव्हला हा तुकडा नाही तो मी आता घेतच नाही. एक तक्रार आहे, या जोडाचं आतलं अस्तर बोटांच्या टोकाशी शिवलेलं नाहीये. हात जरा घामेजला असेल आणि घाईत काढला की अस्तर उलटं होऊन हाताबरोबर बाहेर येतं, पाच पिशव्या लटकल्यासारखं, आणि मग ते परत आत घालायचं म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहून एकेका बोटात पेन्सिल घालत बसायचं. पेन्सिल कोण नेतं? मी टायर लिव्हरने करते. घेण्याआधी दुकानात दोनदा झटक्यात काढून बघा, एवढंच.

5 डिग्रीच्या खाली मात्र पाच बोटांचा ग्लोव्ह मला पुरत नाही. लॉब्स्टर ग्लोव्हज म्हणून येतात, त्यात दोन-दोन बोटं एका खोबणीत असतात, खेकड्याच्या नांग्यांसारखं दिसतं, पण बोटं एकमेकांना ऊब देतात आणि ब्रेकही मारता येतो. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, गिअर शोधावा लागतो, मग सवय होते. याला माझे 5 पैकी साडेचार, अर्धा कापला कारण हे घालून मोबाइल, चावी, हेल्मेटचं बक्कल काहीही हाताळता येत नाही. आणि याच्याही पुढची पायरी म्हणजे हँडलवरच चढवायच्या पिशव्या, ज्यांना पोगी म्हणतात, त्यात हात घालून ब्रेक आणि गिअर दोन्ही आत. दिसायला भयंकर. सरळ हँडलच्या सायकलला बसतात, वळलेल्या हँडलच्या वेगळ्या येतात, ते नीट बघून घ्या. शून्याला मी यात नुसते पातळ ग्लोव्हज घालून गेलेय आणि हात गरम राहिलेत, इतकं की मध्ये ग्लोव्हज काढले. हवामान वाईट असेल आणि दिसण्याची पर्वा नसेल तर दुसरं काही बघूच नका. रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्यांना तर डोळे झाकून घ्या म्हणेन.

हात गरम करायच्या त्या छोट्या पुड्या मिळतात त्यांचं एक सांगायचं राहिलं. त्यात लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि त्यातून उष्णता निघते. म्हणजे हवा लागली तरच चालतात. मी त्या निघता निघता उघडून थेट घट्ट ग्लोव्हमध्ये कोंबल्या होत्या आणि काहीच गरम होत नाही म्हणून शिव्या दिल्या होत्या. आधी 10-15 मिनिटं बाहेर ठेवून गरम होऊ द्यायच्या, मग हाताच्या मागच्या बाजूला ठेवायच्या, तळव्याकडे नाही, तळव्याकडे हँडलची पकड बिघडते.

पायांचं दुखणं वेगळंच. माझे क्लीटवाले शूज आहेत, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले, उन्हाळ्यासाठी केलेले, समोर जाळी आणि तळव्याला हवा यायला भोकं. त्या भोकांतून थंडीत जे काही आत येतं ना, आणि शिवाय क्लीटचे स्क्रू आणि पत्रा धातूचा, तो तळव्यातून उष्णता ओढून घेतो. पहिल्या हिवाळ्यात मी शहाणपणा करून दोन जोड मोजे घातले. बूट घट्ट झाला, रक्त फिरायचं थांबलं, 20 मिनिटांत अंगठे बधीर. एकच लोकरीचा मोजा आणि बोटं हलवता येतील एवढी जागा, हे दोन जाड मोज्यांपेक्षा कितीतरी चांगलं, नाहीतर हिवाळ्यासाठी अर्ध्या नंबराने मोठा बूट. तळव्याची भोकं आतून चिकटपट्टीने बंद करायची, सोलच्या खाली जाड कागदाचं किंवा कॉर्कचं सोल कापून घालायचं, दोन्ही फुकटात होतं आणि फरक लगेच कळतो.

वरून शू कव्हर. निओप्रीनचं, म्हणजे पाणबुड्यांच्या सूटचं असतं ते. माझं पहिलं एका हंगामात गेलं, मागची चेन तुटली आणि खाली क्लीटच्या भोवती फाटत गेलं, कारण मी ते घालून रस्त्यावर, दगडांवर फिरत होते, चूक माझीच म्हणा. दुसरं घेतलं त्याला चेन नाहीये, मोज्यासारखं ओढून घालायचं, तळाला जाड रबर आहे, दोन हिवाळे टिकलंय. घालायला मात्र वैताग, आधी कव्हर पायात पोटरीपर्यंत चढवा, मग शूज घाला, मग कव्हर खाली ओढा, उलट क्रमाने केलंत तर क्लीटवर अडकतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आठवडाभर घामाघूम होऊन निघत होते. नुसती बोटं झाकणारं छोटं कव्हरपण येतं, 8-10 डिग्रीला तेवढं बास होतं.

आता खरं सांगू का, माझा नवरा साध्या सपाट पेडलवर ट्रेकिंगचे बूट घालून येतो आणि त्याचे पाय आजवर एकदाही गार पडलेले नाहीत. तो हे दर रविवारी सांगतो. तुम्हाला क्लीटची गरजच नसेल तर हा अख्खा परिच्छेद सोडून द्या आणि बूट घाला.

डोकं आणि कान. लोकरीची कानटोपी हेल्मेटच्या खाली घालायचा विचारसुद्धा करू नका, हेल्मेट वर उचललं जातं, पट्टे ढिले करावे लागतात आणि मग ते हेल्मेट कशाला घातलंय. पातळ, ताणली जाणारी, कान झाकणारी टोपी घ्यायची, कपाळाशी वारा अडवणारा कपडा असेल तर उत्तम. माझ्या टोपीला मागे वेणीसाठी भोक आहे, असलं काही मिळतं हेच मला माहीत नव्हतं, आधी दोन वर्षं केसांचा गोळा हेल्मेटखाली दाबून चालवत होते आणि मान दुखतेय म्हणून रडत होते. हेल्मेटच्या भोकांवर चढवायचं प्लॅस्टिकचं कव्हरही मिळतं, वारा थांबतो पण चढावर डोकं तापतं, मी फक्त 3 च्या खाली लावते.

गळ्याला बफ, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. गळ्यात, नाकावर, थांबल्यावर डोक्यावर, पंक्चर काढल्यावर हात पुसायला. फक्त नाकावर ओढला की श्वास वर जातो आणि चष्म्यावर वाफ धरते, आणि थोड्या वेळाने तो ओला होऊन ओठाशी गार लागतो, म्हणून मी दोन नेते, एक गळ्यात एक खिशात. चष्मा पारदर्शक किंवा पिवळ्या काचेचा, गारठ्यात डोळ्यांतून जे पाणी येतं त्याने पहाटेच्या अंधारात खड्डा दिसत नाही. वाफ न धरणारा चष्मा मी अजून शोधतेच आहे. थांबलं की सगळेच धरतात, निघालं की जिथे काच आणि गालामध्ये फट आहे ते लवकर साफ होतात, एवढाच निष्कर्ष.

आता धड, ज्याच्यावर सगळे आधी खर्च करतात. सुती बनियन नको, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. अंगाला लागून पहिला थर मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक. माझ्याकडे दोन्ही आहेत. मेरिनो स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास ओलावा पिऊन घेतं तरी अंगाला ओलं लागत नाही, आणि तीन दिवस घातलं तरी वास मारत नाही, हे अतिशयोक्ती नाही, नवऱ्याला विचारा. पण एकदा पूर्ण भिजलं की वाळायला वेळ लागतो, कोपरावर विरतं, आणि माझ्या एका बनियनला कसर लागून उन्हाळ्यात भोकं पडली. सिंथेटिक लगेच वाळतं, टिकतं, पण एका राइडनंतर त्याच्याजवळ जाववत नाही. जोरात चालवणाऱ्यांनी सिंथेटिक, रमतगमत चालवणाऱ्यांनी मेरिनो, असं मी म्हणेन.

आणि तिसरा प्रकार, जाळीचा बनियन. यावर माझा आधी अजिबात विश्वास नव्हता, थंडीत जाळी कोण घालतं. पण काका हाच घालतात. 1933 मध्ये नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रुन नावाच्या अधिकाऱ्याने मासे पकडायच्या जाळ्यातून हा पहिल्यांदा शिवला. भोकांमध्ये हवा साठून राहते ती गरम राहते, आणि वरचा कपडा घामाने ओला झाला तरी तो कातडीला टेकतच नाही. मी मागच्या हिवाळ्यात घेतला, आणि चढ संपल्यावर पाठीवर जी गार चादर पडल्यासारखी वाटायची ती जवळजवळ गेली. यावर्षीची सगळ्यात चांगली खरेदी, 5 पैकी 5. घालून आरशात बघू नका फक्त.

त्याच्या वर लांब बाह्यांची थोडी जाड जर्सी, आणि वर बिनबाह्यांचं विंडचीटर, ज्याला जिलेट म्हणतात. समोर वारा अडवणारा कापड, मागे जाळी, घडी केली की मुठीएवढं होऊन जर्सीच्या मागच्या खिशात जातं. चढावर चेन खाली, उतारावर चेन वर, फार गरम झालं तर काढून खिशात. माझ्या त्या गुबगुबीत जॅकेटच्या चौथाई पैशात हे आलं आणि 12 पासून 5 डिग्रीपर्यंत याच्यावरच भागतं. पूर्वी युरोपातले रेसवाले डोंगरमाथ्यावर पोचले की प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीशी खुपसायचे, उताराचा वारा अडवायला, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. काका अजूनही एक वर्तमानपत्र नेतात, पंक्चरच्या दिवशी त्यांनी त्यातली चार पानं मला दिली होती, छातीशी कागद करकरत मी घरी आले पण काकडायचं थांबलं.

उताराचं मी एवढं का सांगतेय, तर 1988 ची जिरो दितालिया ही इटलीतली अनेक दिवसांची रेस घ्या, त्यातला गाविया घाट, उंची 2,600 मीटरच्या वर, जून महिना आणि वर बर्फ. अमेरिकेचा अँडी हॅम्पस्टन, त्याच्या टीमने आधीच हवामान बघून स्कीच्या दुकानातून गरम ग्लोव्हज, टोप्या वगैरे आणून ठेवलं होतं. नेदरलँड्सचा योहान व्हान डर व्हेल्डे माथ्यावर सगळ्यात पुढे होता, आखूड बाह्यांच्या जर्सीत. तो उतारावर गोठून थांबला आणि शेवटी पाऊण तासाहून जास्त मागे पडला. हॅम्पस्टनला त्या दिवशी गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण रेसमधली आघाडी, मिळाली आणि पुढे रेसही. फरक पडला तो उतारावर.

5 च्या खाली मात्र जॅकेट लागतं, पण सायकलचं. सॉफ्टशेल म्हणतात ते, समोर आणि बाह्यांवर वारा अडवणारं, पाठीला आणि काखेत श्वास घेणारं. दुकानात उभं राहून बघितलंत तर पोटाशी आखूड आणि बाह्या लांब वाटतील, तसंच पाहिजे, हँडल धरल्यासारखं वाका आणि मग बघा, कंबर उघडी पडते का आणि मनगट दिसतं का. चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी असेल तर सोन्याहून पिवळं, खालून थोडी उघडून ठेवली तरी वारा छातीत शिरत नाही. मागचा खिसा जाड ग्लोव्ह घालून उघडता येतो का तेही बघा. वॉटरप्रूफ हवं का? पाऊस नसेल तर नको, माझं ठाम मत. लेबलवर 10,000 किंवा 20,000 मिलिमीटर लिहिलेलं असतं ते कापड पाण्याचा किती उंच खांब पेलेल त्याचं माप आहे, घाम बाहेर किती जाईल त्याचा आकडा वेगळा असतो, आणि दुकानदार कायम पहिलाच दाखवतो. 2013 च्या मिलान-सान रेमो या इटलीतल्या रेसला बर्फ पडला होता तेव्हा बऱ्याच जणांनी कॅस्टेली या कंपनीची गाबा जर्सी घातली होती, स्वतःच्या टीमचा प्रायोजक दुसरा असूनही, त्यावरचा लोगो काळा करून. ती काही पूर्ण वॉटरप्रूफ नव्हती. अंगाला चिकटून बसणारी, वारा अडवणारी आणि बऱ्यापैकी पाणी झटकणारी, बास.

पायाला टाइट्स, आतून लव असलेल्या. गुडघे झाकणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, गुडघ्यावर मांस नसतं आणि वारा थेट समोरून येतो, 15 च्या खाली गेलं की मी गुडघे उघडे ठेवतच नाही. बिब, म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेल्या टाइट्स, की नुसत्या टाइट्स? बिबमुळे कंबर झाकलेली राहते, पोटाला इलॅस्टिक रुतत नाही, पण बायकांनो, 2 डिग्रीला रस्त्याकडेला जाकीट, जर्सी, बनियन सगळं उतरवून बिबचे पट्टे खाली करायचे हा प्रकार एकदा केला की पुन्हा करणार नाही. मागे चेन किंवा सोडता येणारा हूक असलेल्या बिब येतात, त्याच घ्या. किंवा माझ्यासारखं उन्हाळ्याच्या पॅडवाल्या शॉर्ट्सवर बिनपॅडच्या टाइट्स घाला, दोन पॅड एकावर एक मात्र कधीच नको. खाली सुती अंतर्वस्त्रही नको, पॅड त्याच्याशिवाय घालायचं असतं.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. त्याने घाम ओढणारे कपडे घाम ओढायचे बंद होतात आणि पाणी झटकणारे झटकायचे. माझी एक चांगली जर्सी अशीच वाया गेली, वास मात्र छान येतो तिला.

सायकलचंही थोडं. मडगार्ड कपड्यातच धरा, ओल्या रस्त्यावर मागच्या चाकाचं पाणी बरोबर बुडाला लागतं आणि एकदा ते गार झालं की महागड्या टाइट्सही काही करू शकत नाहीत. टायरची हवा थंडीत उतरते, घरात 20 डिग्रीला 80 पीएसआय भरलीत तर शून्याला बाहेर 74 च्या आसपास होते, लोक स्लो पंक्चर समजून ट्यूब शोधत बसतात. लाइटची बॅटरी गारठ्यात लवकर उतरते, मी सुटी बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी ठेवते. आणि चमकणारी पट्टी पाठीपेक्षा घोट्यांना लावा, वरखाली हलणारा प्रकाश बघून मागच्या गाडीवाल्याला हा पाय मारणारा माणूस आहे हे लांबूनच कळतं.

निघताना किती घालायचं हा रोजचा घोळ. दारात उभं राहून जरा गार वाटलं पाहिजे, अंगावर किंचित काटा. दारातच छान उबदार वाटत असेल तर एक थर काढून ठेवा, नाहीतर तो 2 किलोमीटरवर कमरेला बांधून फिरावं लागतं. मी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, किती डिग्रीला काय घातलं होतं आणि काय झालं. "4 डिग्री, वारा, जाळी + जर्सी + सॉफ्टशेल, जास्त झालं." "7 डिग्री, धुकं, पातळ ग्लोव्हज, बोटं गेली." धुकं असलं की मी आता तापमानात 2 डिग्री कमी धरते, माझ्या कागदावर तरी तसंच दिसतंय.

ते गुबगुबीत जॅकेट वाया गेलेलं नाही. ते आता सायकलवर नाही पण काकांनी सांगितल्याप्रमाणे रविवारच्या लांब राइडला ग्रुपच्या मागून येणाऱ्या गाडीत असतं, ज्याचं पंक्चर त्याच्या अंगावर चढतं, आणि गेल्या महिन्यात ते एकदा काकांच्याच अंगावर होतं. नवऱ्याने बॅटरीवर गरम होणारे ग्लोव्हज घेतलेत, पाय गार पडत नाहीत तर हात तरी गरम करू म्हणे. दोनदाच वापरलेत, दुसऱ्यांदा डावा मध्येच बंद पडला. हंगाम संपल्यावर खाली लिहीन.